शाळेत शिक्षकाला बसायला जागा आहे काय?

दर वर्षी ५ सप्टेंबर उजाडला की आपल्या समाजात शिक्षकांविषयीच्या प्रेमाला भरते येते. १९६२ सालापासून हा दिवस शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मुले गुलाबाची फुले आणतात, वरच्या इयत्तेतील विद्यार्थी साड्या नेसून आणि टाय बांधून खालच्या वर्गांवर तास घेतात, व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समई पेटवून शिक्षकाला समाजाचा शिल्पकार म्हणतात, आणि शेवटी एखादे पेन किंवा स्टीलचा डबा हाती पडून समारंभ संपतो. अलीकडे ह्यात एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. तो ताणतणावाचा तज्ज्ञ असतो. तो शिक्षकांना डोळे मिटायला सांगतो, दीर्घ श्वास घ्यायला लावतो, 'मी एकटा नाही' असे तीनदा म्हणवून घेतो आणि मानधनाचे पाकीट घेऊन निघून जातो. शिक्षक डोळे उघडतात तेव्हा होते तेथेच असतात. एकटे.

आम्हांला जे म्हणायचे आहे ते आरंभीच सांगून टाकतो. शाळेतील शिक्षकाचे एकटेपण हा त्याच्या मनाचा आजार आहे, हे आम्हांला मुळीच मान्य नाही. ते एकटेपण घडवलेले आहे. इमारतीच्या नकाशात, वेळापत्रकाच्या चौकटीत, पगारपत्रकाच्या रकान्यांत ते माणसांनी बसवलेले आहे, आणि जे माणसांनी बसवले ते माणसांना काढता येते; श्वासोच्छ्वासाने मात्र ते निघत नाही. हे आम्ही केवळ सरकारी शाळांना उद्देशून म्हणत नाही. आपल्या धर्मग्रामांच्या आणि धर्मसंघांच्या शाळांनाही उद्देशून म्हणतो. किंबहुना त्यांना अधिक.

'शिक्षक एकटा कसा असेल? त्याच्याभोवती तर साठ मुले असतात,' असे कोणी म्हणेल. म्हणतातच. पण घरातली आई दिवसभर लेकरांच्या गराड्यात असते म्हणून तिला शेजारीण नको असते काय? मुलांशी शिक्षकाचे नाते देण्याचे असते. मनातली शंका, घरातली अडचण, आज आपला पाठ साफ कोसळला हे शल्य, ह्यांतले काहीही त्याने मुलांपुढे मांडायचे नसते, आणि चांगला शिक्षक ते मांडतही नाही. ह्या गोष्टी बरोबरीच्या माणसापाशी बोलायच्या असतात. दिवसाचे पाच-सहा तास अखंड बोलणारा हा मनुष्य त्या दिवसात बरोबरीच्या माणसाशी किती मिनिटे बोलला ते कोणी एकदा मोजून पाहावे. मधली सुट्टी ती केवढी! तेवढ्यात वर्गाची रांग लावायची, व्हरांड्यात पहारा करायचा, फाटकाशी आलेल्या एखाद्या पालकाला तोंड द्यायचे आणि उरल्या वेळात डबा संपवायचा. दवाखान्यातील परिचारिका दुसऱ्या परिचारिकेच्या डोळ्यांसमोर काम करते. गवंड्याला बिगारी लागतो. शिक्षक मात्र आपले मुख्य काम आयुष्यभर अशा जागी करतो जेथे त्याच्या बरोबरीचे दुसरे माणूस नसते.

शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी ह्यांनी १९७५ साली अमेरिकेतील शालेय शिक्षकांवर एक ग्रंथ लिहिला. शाळेच्या रचनेला त्यांनी अंड्यांच्या पुठ्ठ्याची उपमा दिली. प्रत्येक अंडे आपापल्या खळग्यात. एकाचा धक्का दुसऱ्याला लागू नये अशी व्यवस्था. उपमा अमेरिकेतली असली तरी आपल्या बाजारातही अंडी त्याच पुठ्ठ्यातून येतात.

आपल्याकडे तर ह्यात एक विशेष गंमत आहे. डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या कोणालाही विचारावे. सरावपाठांच्या दिवसांत वर्गाच्या शेवटच्या बाकावर सहाध्यायी निरीक्षणवही घेऊन बसत. फलकलेखन तिरके झाले, तिसऱ्या रांगेला एकही प्रश्न विचारला नाही, प्रस्तावना लांबली, अशा नोंदी होत. मग चहाच्या टपरीवर त्यावर घनघोर चर्चा होई, भांडणे होत, हसणे होई, आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ खरोखरच सुधारे. पुढे नेमणूक होते. सेवेची तीस-पस्तीस वर्षे सरतात, आणि त्या शेवटच्या बाकावर पुन्हा एकही सहकारी येऊन बसत नाही. आलाच तर अधिकारी येतो, फाइल घेऊन. परिणाम असा की वर्गाचे दार उघडे ठेवणे म्हणजे तपासणीला तोंड देणे असेच समीकरण शिक्षकाच्या मनात पक्के होते. जपानमध्ये शतकाहून अधिक काळ अशी पद्धत आहे की एक शिक्षक पाठ घेतो, सहकारी पाहतात आणि नंतर सारे मिळून त्या पाठाची चिकित्सा करतात. चिकित्सा पाठाची, माणसाची नव्हे. तेथील शाळांत शिक्षकांची एक मोठी सामाईक खोली असते आणि त्या खोलीत प्रत्येकाचे मेज असते. त्या देशातील शिक्षकांनाही कामाचे ओझे फार आहे हे आम्ही जाणतो, आणि त्यांचे सारे अनुकरण करावे असे आमचे म्हणणे नाही. पण मेजांचे करावे.

मेजांचा विषय निघालाच आहे तर कायद्याकडे वळू. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याला जोडलेल्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीत काय असावे ते दिले आहे. प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, कार्यालय, कोठार आणि मुख्याध्यापक ह्यांची मिळून एक खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, माध्यान्ह भोजनाचे स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. सर्व योग्यच आहे. पण ह्या यादीत शिक्षकांनी एकत्र बसायची खोली नाही. तांदळाच्या पोत्यांना कोठे ठेवावे ह्याचा विचार देशाच्या कायद्याने केला. शिक्षकाला कोठे बसवावे ह्याचा केला नाही. त्याच परिशिष्टात शिक्षकाने आठवड्याला ४५ तास काम करावे असे म्हटले आहे, तयारीचे तास धरून. ती तयारी त्याने कोठे बसून करावी, कोणाशी बोलून करावी, ह्याविषयी मौन आहे.

आपल्या जुन्या शाळांत अशी खोली होती. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बाके, कोपऱ्यात माठ, भिंतीवर क्रूस आणि मागच्या वर्षीची दिनदर्शिका. त्या खोलीत नवा शिक्षक जुन्याकडून धंदा शिकत असे: कोणत्या मुलाच्या घरी बाप दारू पितो, अपूर्णांक शिकवताना भाकरी का मोडावी, अमुक पालकाशी कोणत्या स्वरात बोलावे. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. मग एके ठिकाणी ती खोली संगणकांना लागली, दुसरीकडे गणवेश आणि वह्या विकायला लागली. जेथे ती टिकली तेथे दाराशी बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि छताला कॅमेरा बसला. एका शाळेत आम्ही पाहिले आहे, शिक्षिका जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बसून वह्या तपासत होत्या. त्याच इमारतीत वातानुकूलित सभागृह होते आणि त्याच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी यादी होती.

जागेसारखीच वेळेची गत. वेळापत्रकात शिक्षकाला जे दोन-तीन मोकळे तास दाखवलेले असतात ते कागदावरचे. पदे रिकामी, कोणी प्रशिक्षणाला, कोणी निवडणुकीच्या कामाला. सकाळी बदली तासांची चिठ्ठी घेऊन शिपाई फिरतो आणि मोकळा तास जातो. उरलेला तास माहिती भरण्यात जातो. मुलाचे आधार, वजन, उंची, बँकेचे खाते, गणवेशाचे माप. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्तीतील मदतकार्य आणि निवडणुका एवढी कामे सोडून अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत असे म्हटले आहे. हे कलम वाचून खेड्यापाड्यांतील शिक्षक हसतात. त्यांचे हसणे ऐकण्यासारखे असते.

आता ज्या गोष्टीविषयी उघडपणे कोणी बोलत नाही तिच्याविषयी. समजा खोली आहे आणि वेळही आहे. त्या टेबलाभोवती बसतात कोण? पहिल्या बाई १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या. त्यांना जुने निवृत्तिवेतन. शेजारचे सर त्या तारखेनंतरचे. त्यांच्या म्हातारपणाचा हिशेब वेगळा. तिसरी शिक्षणसेवक. ही योजना २००० साली आली. तिच्यात पहिली तीन वर्षे वेतनश्रेणी नाही, केवळ मानधन. २०२३ पर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाला महिन्याला ६,००० रुपये मिळत. त्या वर्षी ते १६,००० झाले. चौथा अंशतः अनुदानित तुकडीवर, ज्याचे अनुदान २० टक्के, ४० टक्के, ६० टक्के अशा पायऱ्यांनी येते आणि मधल्या पायरीवर आयुष्य निघून जाते. पाचवी तासिका तत्त्वावर: तास भरला तर पैसे, सुट्टी पडली तर नाही. पाचही जण एकच इयत्ता, एकच पुस्तक, त्याच मुलांना शिकवतात. सातवा वेतन आयोग लागू झाल्याचे पेढे ह्या टेबलावर वाटायचे कसे? जी वाटते तिला अपराधी वाटते, जिला मिळतो तिच्या घशाखाली उतरत नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यभर संप झाला तेव्हा अनेक शाळांतून अर्धे टेबल बाहेर आणि अर्धे आत होते, आणि त्यानंतर कित्येक महिने ते पुन्हा नीट जुळले नाही. शिक्षकांत एकी नाही अशी तक्रार करणाऱ्या थोरामोठ्यांनी आधी हे पगारपत्रक वाचावे. माणसांना पाच पायऱ्यांवर उभे करायचे आणि मग एकमेकांच्या खांद्यावर हात का ठेवत नाहीत म्हणून विचारायचे, ही कुठली रीत?

'पण आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, शाळेचा गट आहे, सारे चोवीस तास जोडलेले आहेत.' होय, जोडलेले आहेत. बैल जुवाला जोडलेला असतो तसे. त्या गटावर येते काय? रात्री साडेदहाला, 'उद्या सकाळी दहापर्यंत माहिती सादर करावी.' त्याखाली चाळीस अंगठे. कोणाची आई वारली तर चाळीस जोडलेले हात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, त्यानंतर शिक्षकांनी महिनोन्‌महिने काचेच्या तुकड्याशी बोलून शिकवले, काहींनी नाक्यांवर पहारे केले, घरोघरी जाऊन ताप मोजला. त्या काळात आपल्या सहकाऱ्याचा आवाज, सूचना सोडून, कितीदा ऐकला, असे आम्ही अनेकांना विचारले. उत्तर देताना ते क्षणभर थांबत.

हे झाले मोठ्या शाळांचे. आमच्या पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवर दुसरेच एकटेपण आहे. तेथे दोन शिक्षकांची शाळा असते. त्यांतला एक बैठकीला, टपालाला किंवा प्रशिक्षणाला गेला की दुसरा चार इयत्ता घेऊन बसतो. कित्येक ठिकाणी तो दुसराही नसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येच आकडा दिला आहे: २०१६-१७ साली देशात १,०८,०१७ शाळा एकशिक्षकी होत्या. शिक्षक समूहात राहून उत्तम काम करतात, हेही त्या धोरणात म्हटले आहे. नवीन काय म्हटले? १९६४ ते १९६६ ह्या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शाळासमूहाची शिफारस केली ती शाळाशाळांचे तुटलेपण मोडावे ह्याच हेतूने. आपल्याकडे त्यातून केंद्रशाळा आल्या, केंद्रप्रमुख आले, महिन्याला शिक्षण परिषद आली. कल्पना सुंदर होती. पाड्यावरच्या शिक्षकाला महिन्यातून एक दिवस आपल्यासारखी पंचवीस माणसे भेटणार होती! त्या परिषदेचे आज बहुतेक ठिकाणी काय झाले आहे? परिपत्रकांचे वाचन, राहिलेल्या माहितीची वसुली, आणि एका खासगी संस्थेच्या उपक्रमाचे सादरीकरण. तरीही शिक्षक तेथे दुचाकीवरून तीस-तीस किलोमीटर येतात. परिपत्रकांसाठी नव्हे, जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली डबे उघडतात त्यासाठी.

वसई-विरारच्या वाचकांना आणखी एक खोली ठाऊक आहे, जिला भिंती नाहीत. पहाटे चर्चगेटकडे जाणारा महिलांचा डबा. आमच्या बागायती गावांतून केळी आणि फुलांच्या पाट्यांमागोमाग ज्या मुली ह्या गाडीत चढल्या त्यांत शिक्षिका बऱ्याच होत्या. मास्तरकी ही आमच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या घरात महिन्याचा पगार आणणारी पहिली नोकरी. तो डबा कोणी नीट पाहावा. निरनिराळ्या शाळांच्या शिक्षिका ठरावीक खिडकीशी जमतात. मांडीवर उत्तरपत्रिका असतात. 'हे उत्तर बघ गं, ह्याला अर्धा गुण द्यावा का?' असे विचारले जाते. कोणाच्या मुख्याध्यापिका कशा वागल्या, कोणाच्या वर्गातला अबोल मुलगा अखेर कसा बोलला, नववीचा तो कठीण धडा कोणी कसा रंगवला, भाजीची जुडी कितीला, नणंदेचे लग्न, सारे एकत्र. मीरा रोडला एकीला भोवळ आली तर चौघी उठतात. आम्ही म्हणतो, आपल्या प्रांतातील सर्वांत जिवंत शिक्षक-खोली ही आहे. आणि ती जिवंत का आहे? कारण तेथे एकीचा पगार दुसरीच्या पगारावर टेकलेला नाही, कोणी कोणाचा गोपनीय अहवाल लिहीत नाही, आणि कोणी बदली तासाची चिठ्ठी घेऊन येत नाही. गर्दीत चेंगरत, एका पायावर उभे राहून जे जमते ते शाळेत टेबल-खुर्ची असून जमत नाही, ह्याचा दोष शिक्षकांच्या स्वभावाला कसा द्यायचा?

काही व्यवस्थापकांचे मत आम्ही समोरासमोर ऐकले आहे: 'शिक्षक एकत्र बसले की दोनच गोष्टी होतात, कुचाळक्या आणि राजकारण.' म्हणून मधल्या सुट्टीचीही पाळी लावायची, म्हणून खोलीत कॅमेरा. कुचाळक्या होतात, हे खरे. जेथे उघड बोलायला मज्जाव असतो तेथे त्या अधिक होतात. आणि राजकारणाचे म्हणाल तर आपल्या राज्यघटनेने शिक्षकाला राजकारणात रीतसर स्थान दिले आहे. विधान परिषदेतील एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या असतात. महाराष्ट्रात असे ७ मतदारसंघ आहेत. मत मात्र माध्यमिक आणि त्यावरील शाळांच्या शिक्षकांना, प्राथमिकच्या गुरुजींना नाही, हा अन्याय निराळा. ज्याच्यावर आमदार निवडण्याचा विश्वास टाकला, त्याच्यावर चहाचा कप घेऊन सहकाऱ्याशेजारी पंधरा मिनिटे बसण्याचा विश्वास टाकता येऊ नये?

संघटना आणि पतपेढ्या आहेत म्हणून शिक्षक एकटे नाहीत, असेही सांगतात. पतपेढी मुलीच्या लग्नाला कर्ज देते. त्याबद्दल तिचे आभार. पण वर्गात हरल्यासारखे वाटले त्या संध्याकाळी कोणी पतपेढीत जात नाही.

मैत्री हा शिक्षकाच्या कामाचाच भाग आहे हे आपल्या मातीला नवीन नाही. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई फुले ह्यांनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्या आजारातून उठत होत्या. त्या पत्रात त्यांना काळजी आहे ती फातिमाची: आपल्यामागे सारा भार तिच्यावर पडला असेल, पण ती तक्रार करणार नाही. आजारपणातही एका शिक्षिकेला दुसरीचे ओझे दिसते. रजेचा अर्ज दिला की 'आता तुझे तास मला' म्हणून कपाळाला आठी पडणारी आजची शाळा त्या पत्राशेजारी ठेवून पाहावी. आज आठी पाडणारी बाईही वाईट नसते. तिचा त्या दिवसाचा एकमेव मोकळा तास गेलेला असतो.

आता आपल्या घरात येऊ. शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून ख्रिस्तसभेने १९५० साली ज्यांना घोषित केले ते संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल फ्रान्समधील रँस शहराच्या महामंदिरात मानाच्या पदावर होते, घराणे मोठे होते. त्या काळी गरिबांच्या शाळेतला शिक्षक म्हणजे समाजाच्या खालच्या पायरीवरचा मनुष्य. आपल्या नोकराहूनही आपण त्यांना खालचे मानत होतो, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. अशा शिक्षकांना त्यांनी प्रथम काय दिले? आपल्या जेवणाच्या टेबलावर जागा. पुढे १६८१ साली त्यांनी त्यांना स्वतःच्या घरात राहायला आणले. नातलग संतापले. त्यांनी पर्वा केली नाही. पुढे खेड्यापाड्यांतील धर्मगुरू एकेक ब्रदर मागू लागले तेव्हा एकट्याला पाठवायला ते तयार होत नसत. जायचे तर निदान दोघांनी. शुभवर्तमानात प्रभूने बारा जणांना दोघे-दोघे करून पाठवले आहे (मार्क ६:७), तेव्हा ह्यात त्यांनी नवे काही केले असेही नाही. ह्या संतांचा सण आपल्या शाळांत साजरा होतो. त्यांच्या टेबलाचे काय?

आपल्या कित्येक शाळांत मठाचे भोजनगृह आणि शिक्षकांची खोली ह्यांच्यामध्ये एक दार असते आणि ते एकाच बाजूने उघडते. सिस्टर मुख्याध्यापिका तेथे जेवतात, शिक्षिका येथे. आम्ही त्यांच्यावर आढ्यतेचा आरोप करीत नाही. आमच्या मते शाळेतील सर्वांत एकटी व्यक्ती पुष्कळदा त्याच असतात. काही वर्षांनी त्यांची बदली ठरलेली. प्रांताधिकाऱ्यांना अहवाल, शिक्षणाधिकाऱ्यांना खुलासा, पालकांना हसतमुख उत्तर. आणि मनातले बोलायला शाळेत कोणी नाही. ते दार उघडले तर सुटका दोन्ही बाजूंची होईल.

आपल्या शाळांत हिंदू, मुस्लिम, जैन, बौद्ध सहकारी मोठ्या संख्येने आहेत. सणाच्या मिस्सेला आपण चर्चमध्ये असतो तेव्हा ते वर्ग सांभाळतात. 'आपली शाळा' असे आपण अभिमानाने म्हणतो तेव्हा त्या 'आपली'त ते असतात की नसतात? वीस वर्षे त्या शाळेत घालवलेल्या बाईंना हा प्रश्न विचारायची वेळ येऊ नये.

आणि 'सेवा' हा शब्द. शिक्षकाने रविवारी यावे, ही सेवा. मेळाव्याच्या पावत्या खपवाव्यात, ही सेवा. सहीपेक्षा कमी रक्कम हातात घ्यावी, हीही सेवाच म्हणायची काय? १९८२ साली रोममधील कॅथलिक शिक्षणविषयक विभागाने शाळांतील प्रापंचिक शिक्षकांवर एक दस्तऐवज काढला. प्रापंचिकांना रीतसर कराराने पुरेसे वेतन मिळावे आणि शाळेच्या जबाबदारीत खरा वाटा मिळावा, अशी त्यात स्पष्ट अपेक्षा आहे. आपल्या व्यवस्थापनांनी तो दस्तऐवज शिक्षकांच्या खोलीत ठेवावा. अर्थात, खोली असल्यास.

पालकहो, तुमच्याशीही दोन शब्द. तुमच्या मोबाइलवर वर्गाच्या पालकांचा एक गट असतो, ज्यात वर्गशिक्षिका नसते. तिच्या एका वाक्याचे तेथे संध्याकाळपर्यंत काय होते ते तुम्ही जाणता. दुसऱ्या दिवशी ती वर्गात मोजून-मापून बोलते, आणि परवा बोलतच नाही. पुस्तक वाचून दाखवते. तुमच्या मुलाचे त्यात जे नुकसान होते ते गुणपत्रिकेत दिसत नाही.

मग मागायचे काय? वेळापत्रक लावताना आठवड्यातून एक तास असा राखावा की एका विषयाचे किंवा एका इयत्तेचे सर्व शिक्षक एकाच वेळी मोकळे असतील. त्या तासाची नोंदवही नको, छायाचित्र नको, वरिष्ठांना पाठवायचा अहवाल तर नकोच. एकही जास्तीचा पैसा लागत नाही. लागते ती वेळापत्रक करणाऱ्याची चिकाटी, आणि बदली तासांच्या चिठ्ठीने त्या तासाला हात न लावण्याचा निश्चय. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला त्या तासाचे पैसे द्यावेत. नाही तर तो पळत दुसऱ्या शाळेत जाईल आणि पुन्हा चौघेच उरतील. शेवटचा बाक सहकाऱ्यांसाठी खुला व्हावा, पण हुकमाने नव्हे; ज्याला बोलवावेसे वाटेल त्याने बोलवावे. सुरुवात शाळेतल्या ज्येष्ठांनी करावी, कारण नव्याला ते परवडत नाही.

आणि खोली. ज्या धर्मग्रामांत शाळेच्या नव्या मजल्याचा नकाशा सध्या पॅरिश कौन्सिलपुढे आहे, तेथील सभासदांनी तो पसरून एवढेच विचारावे, की ह्यात शिक्षकांची खोली कोठे दाखवली आहे? 'कार्यालयाशेजारी थोडी जागा आहेच,' असे उत्तर येईल. तेव्हा तिची लांबी-रुंदी विचारावी. चाळीस माणसांना बसायचे आहे.